करवत्या

“नाना, तुमचा कोंबडा भिंतीवरून आमच्याकडं येतो, तो तुम्ही पाठवता की आपल्या मनानं येतो?”

उलट्या घमेल्यावर उभी राहून, दोन्ही कोपरं भिंतीच्या माथ्यावर टेकवून संस्कृतीनं हे विचारलं, आणि मागं शेवग्याआड लपलेल्या निकितानं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. पैज निकितानंच लावली होती, शाळेच्या वाटेवर, चालता चालता. हल्ली तुला एवढं तोंड फुटलंय ना, मग काकासाहेबांना विचारून दाखव. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे, ती संस्कृती यंदा दहावीत कबड्डीच्या संघाची कर्णधार झाली होती, आणि तेव्हापासून तिला बोलायला कारण लागत नव्हतं.

भिंतीपलीकडं काकासाहेब गव्हाणीत हिरवा मका टाकत होते. ते तिच्या वडिलांचे चुलतभाऊ; ती त्यांना नाना म्हणे. वाटणीनंतर अंगणाचे दोन तुकडे करून मधे ही भिंत उभी राहिली. त्यांनी मान वर केली नाही. हातातली पेंढी झटकली.

“तुज्या बापाला इचार,” ते म्हणाले. “त्याच्या कोंबड्या सकाळी उठून भिंतीकडं तोंड करून का बसत्यात ते.”

शेवग्यामागून हसू फुटलं. ते आपल्या बाजूचं नाही हे संस्कृतीला लगेच कळलं. तिचे कान तापले.

“तुमच्या उकिरड्याचा वास येतो ना. कुठून येतो ते बघत असतात.”

“आगं ए!” गोठ्यातून काकासाहेबांची बायको रंगुबाई बाहेर आली, हात शेणानं भरलेले. “कुनाशी बोलतीस? शाळंत हेच शिकवत्यात का?”

“शाळेत भेसळ कशाला म्हणतात ते शिकवतात, काकू.”

हे बोलून ती घमेल्यावर जरा उंच झाली. शेवग्याआडचं हसणं थांबलं होतं. भिंतीपलीकडं काकासाहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली, पण ते तिच्याकडं बघत नव्हते. तिच्या मागं, दारात, तिचे वडील कानिफनाथ येऊन उभे होते. अंगात अजून सुप्याच्या कंपनीचा निळा शर्ट. रात्रपाळीचे डोळे.

“पोरीला पुढं घालतूस व्हय रं नाथा?”

“पोरगी खरं बोलली,” कानिफनाथ म्हणाले. “तुजा तांबडा पुन्हा ह्या अंगनात दिसला तर मान पिरगाळून भिंतीवर ठिवीन.”

“ठिव की. मग तुजी मान कुठं ठिवायची ते आमी बगू.”

संस्कृती घमेल्यावरून उतरली, तेव्हा वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. फक्त मिशीची एक बाजू किंचित हलली. एवढं तिला दिवसभर पुरलं. दप्तर निकितानं उचललं. पैज ती हरली होती.

भांडणाचं मूळ एका पिशवीत आलं होतं.

कानिफनाथ असील जातीच्या कोंबड्या पाळत. झुंजीसाठी नाही; झुंज लावणाऱ्या माणसाला ते दारात उभं करत नसत. त्यांना जात हवी होती. उंच, ताठ, मानेपासून शेपटीपर्यंत उतरत गेलेली पाठ, अंगाला चिकटलेली आवळ पिसं, आणि डोक्यावर तुरा असून नसल्यासारखा, वाटाण्याचे दाणे तीन ओळींत दाबून बसवावेत तसा बसका. नगरच्या कृषी प्रदर्शनात त्यांच्या ‘राज्या’ नावाच्या कोंबड्यानं गेल्या वर्षी पहिला नंबर घेतला होता. परीक्षकानं कोंबडा हातात घेऊन म्हटलं होतं, ‘ह्याच्यात खोट काढायची तर आपल्यालाच पुन्हा जन्म घ्यावा लागेल.’ हे वाक्य कानिफनाथांनी गावात सांगितलं नाही असा पार राहिला नव्हता. त्यानंतर लांबलांबची माणसं पिल्लांसाठी येऊ लागली.

त्यातलाच एक शिरूरचा माणूस मोटारसायकलवरून परत आला. त्यानं स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर, चार माणसांत पिशवीचं तोंड उघडलं आणि एक अर्धवट वाढलेला कोंबडा बाहेर काढला. पाय असीलचे, मान असीलची, छाती असीलची. डोक्यावर मात्र लालभडक, उभा, दातेरी तुरा.

“कानिफनाथराव, हा तुमचा असील? ह्याच्या डोक्यावर तर करवत हाय.”

टपरीवर जो हशा झाला तो घरापर्यंत आला. काकासाहेबांनी तो ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा तांबडा गावरान कोंबडा भिंतीवर चढून आरवला. त्याच्या डोक्यावर हाताच्या पंजाएवढा उभा तुरा होता. कानिफनाथांना आणखी पुरावा नको होता.

करवत्या परत आला तो तसाच डालग्याखाली राहिला. रविवारच्या निवडीत त्याला काढायचं ठरलेलंच होतं.

निवड म्हणजे घरातला सण असे, आणि सुतकही. कानिफनाथ अंगणात दगडी पाट्यावर बसत. संस्कृती एकेक पक्षी धरून त्यांच्या हातात देई. हे काम तिनं लहानपणीच आपलंसं केलं होतं, आणि आईला त्याची सावलीही सोसत नसे. वडील डोळे मिटत.

“डोळं फसवत्यात,” ते म्हणत. “हात फसत न्हाई.”

मग अंगठा तुऱ्यावरून, तिथून गळ्याखाली, तिथून छातीच्या हाडावरून खाली. मांडी दाबून बघायची. पंख उघडून मिटायचा. शेवटी पक्षी जमिनीवर ठेवून त्याच्या तोंडासमोर जोरात टाळी वाजवायची. पळाला तो गेला. मान वर करून उभा राहिला तो राहिला. गेलेल्यांसाठी बाजूला जाळीची पेटी असे, आणि दुपारी हायवेवरच्या ढाब्याचा टेम्पो येई.

ह्या रविवारी करवत्याची पाळी आली, तेव्हा वडिलांचा अंगठा तुऱ्यावर टेकताच झटका बसल्यासारखा मागं आला. त्यांनी पुढचं काही बघितलंच नाही.

“पेटीत.”

“टाळी तरी वाजवा,” संस्कृती म्हणाली.

“कशाला?”

“बघायला.”

तिनंच वाजवली. करवत्यानं मान वर केली, एक पाऊल पुढं टाकलं आणि तिच्या बोटावर चोच मारली. रक्त आलं. संस्कृती हसली. कानिफनाथांनी त्याच्याकडं डोळे उघडून बघितलं, बराच वेळ.

“ह्याला ऱ्हाऊ दे थोडे दिवस,” ते म्हणाले. “काकासाहेबाच्या तोंडावर आपटायला लागंल.”

जाळी पुढच्याच आठवड्यात आली. चारी बाजूंनी, वरूनही. खाली एक वीत जमिनीत गाडून त्यावर दगड. आत राज्या आणि निवडक कोंबड्या. मुंगी आली तरी विचारून आली असती. कानिफनाथ घाई करणारे नव्हते. कोंबडीच्या पोटात जुनं बीज कैक दिवस टिकतं, म्हणून सुरुवातीची अंडी त्यांनी बसवलीच नाहीत. घरात अंड्याचा रस्सा झाला, अंड्याची भुर्जी झाली, पुन्हा रस्सा झाला.

“मी शाळेत आरवणार आता,” संस्कृती म्हणाली.

“खा गुमान,” आई म्हणाली. तिचं नाव अश्विनी. ती कमी बोले, आणि बोलली की वाढूनच बोले.

पुढच्या महिन्यातली अंडी मात्र निवडून, धुऊन नव्हे नुसती फडक्यानं पुसून, खुडूक बसलेल्या कोंबडीखाली ठेवली. पिल्लं निघाली त्या दिवशी कानिफनाथांनी पाळी बदलून घेतली होती. ओंजळीत एकेक पिल्लू घेऊन ते अंगठ्याच्या कडेनं डोकं चाचपत होते. जाणत्या हाताला तुरा पहिल्या दिवशीच कळतो. बसका असेल तर नुसता एक खरखरीत ठिपका, उभा असेल तर मधोमध दोऱ्यासारखी रेघ.

“बसका. बसका. हा बी बसका. बग, म्हनलं हुतं का न्हाई? भिंत बांदून भागत न्हाई, झाकन बी लागतंय.”

पुढच्या पिल्लावर त्यांचा अंगठा थांबला.

त्यांनी तो पुन्हा फिरवला. डोळे उघडले. पिल्लू उजेडात धरलं आणि पुन्हा डोळे मिटून फिरवला. संस्कृतीनं वाकून बघितलं. दोऱ्यासारखी रेघ.

“जाळीला भोक आसंल,” वडील म्हणाले.

“कुठं?”

“मला काय म्हाईत? बग जा. हात फिरवून बग.”

तिनं हात फिरवला. शाळेचा गणवेश न बदलता, गुडघ्यांवर बसून, एक टोक धरून दुसऱ्या टोकापर्यंत. दगड उचलून बघितले. शेवग्याकडच्या कोपऱ्यात जाळीचे दोन तुकडे आईच्या जुन्या हिरव्या परकराच्या काठानं बांधले होते. ती गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा आवळली. बोटांना गंजाचा वास आला.

“कुठंच नाही, पप्पा.”

“नीट बगितलं न्हाईस.”

“नीट बघितलंय.”

“न्हाई बगितलंस!”

एवढ्या मोठ्यानं ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. पलीकडं काकासाहेबांच्या गोठ्यात बादली खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग काहीच आला नाही. पलीकडची माणसं ऐकत होती.

सकाळी ती दात घासत बाहेर आली तर वडील कोपऱ्यात उभे होते.

“संस्कृते. हिकडं ये. हे काय हाय?”

हिरव्या गाठीच्या अगदी खाली, दोन विटा मावतील एवढं भोक. तारांची टोकं चकचकीत. संस्कृतीला आधी लाजच वाटली. आपल्या नजरेतून एवढं मोठं भोक सुटलं! ती खाली बसली, तारेच्या टोकाला बोट लावलं, आणि मग तिचा हात आपोआप वरच्या गाठीवर गेला. तिनं मारलेली गाठ. काल संध्याकाळी, त्याच जागी गुडघे टेकून. गुडघ्यांचे दोन गोल अजून मातीत होते.

तारांची टोकं बाहेरच्या बाजूला वळली होती.

“पप्पा—”

“बोल की. दिसतंय का आता?”

तिनं वर बघितलं. वडिलांचे डोळे लाल होते, पण ते तिच्याकडं नव्हते, भिंतीकडं होते. तोंडातला फेस तिला थुंकता येईना. तिनं मान हलवली. दिसतंय.

भोकाचा फोटो दुपारपर्यंत गावाच्या ग्रुपवर गेला. खाली कानिफनाथांनी लिहिलं, ‘चोर कोण ते गावानं ठरवावं.’ काकासाहेबांना लिहायचा कंटाळा. त्यांनी बोलूनच पाठवलं. ते बोलणं वर्गातल्या करणनं मधल्या सुट्टीत मोबाईलवर लावलं. त्यात कानिफनाथांच्या जातिवंत कोंबड्यांपासून कानिफनाथांच्या जातिवंत लेकीपर्यंत सगळं होतं. वर्ग हसला. निकिताही आधी हसली आणि मग गप्प झाली. संस्कृतीनं मोबाईल हिसकावून बाकावर उलटा ठेवला.

“एवढी हौस असेल तर ग्राउंडवर ये,” ती करणला म्हणाली. “रेड टाक माझ्यावर. बघू परत जातोस का.”

पण ते तिनं नेहमीच्या जोरात म्हटलं नाही, आणि ते सगळ्यांना जाणवलं.

पुढचा तास विज्ञानाचा होता. दमयंती मॅडम मेंडेलची उजळणी घेत होत्या. उंच वाटाणा, बुटका वाटाणा. संस्कृतीचा हात वर गेला तो तिला न विचारताच.

“मॅडम, कोंबड्याच्या तुऱ्याचंही असंच असतं का?”

वर्गानं आरवून घेतलं. मॅडमनी डस्टर आपटला.

“कुठल्या तुऱ्याचं?”

“बसका आणि उभा. आईबाप दोघांचा बसका, आणि एखाद्या पिल्लाचा उभा.”

मॅडमनी फळ्यावर चौकोन काढला, मग जरा थांबून चार घरं केली. “बसका वरचढ असेल, तर उभा दडून राहतो. एका बाजूनं आला तर दिसत नाही. दोन्ही बाजूंनी आला तरच दिसतो.”

“म्हणजे कोंबडीत पण आणि कोंबड्यात पण?”

“दोघांतही.”

“आणि समजा, कोंबडा बाहेरचा असेल? उभ्या तुऱ्याचा?”

“तरी निम्मं कोंबडीकडूनच आलं. नुसत्या बाहेरच्यामुळं उभा होत नाही. तिच्यात दडलेलं नसेल, तर बाहेरचा कितीही वेळा आला तरी पिल्लांचे तुरे बसकेच निघतील. थोडे ओबडधोबड, पण बसके.”

संस्कृती उभीच होती. निकितानं तिचा कुर्ता खाली ओढला.

“मग कुणात दडलंय ते ओळखायचं कसं, मॅडम? सगळे तर सारखेच दिसतात.”

“ज्याच्यात उघड दिसतं त्याच्याशी जोडी लावायची. पिल्लांत एक जरी उभ्या तुऱ्याचं निघालं तर दडलेलं आहे. खूप पिल्लं काढूनही एकही निघालं नाही, तर नाही.”

“पण त्याला तर काढून टाकतात.”

“काढून टाकला,” मॅडम डस्टर उचलत म्हणाल्या, “तर कशावरून ओळखणार? बस आता. परीक्षेला कोंबडा येणार नाही.”

भांडण मिटवायला गावाची बैठक रविवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर ठरली. काकासाहेबानं पुन्हा कोंबडा पाळायचा नाही, आणि भेसळ त्यानं केली हे सगळ्यांसमोर कबूल करायचं, असं कानिफनाथांचं म्हणणं. काकासाहेबांचं म्हणणं त्याहून आखूड होतं. ते काठी घेऊन येणार होते.

“तू चल,” कानिफनाथ लेकीला म्हणाले. “भोक तू बगितलंयस. तेवढंच सांगायचं. तुजं ऐकत्यात लोक आता.”

ती ज्या वाक्यासाठी वर्षभर झुरली असती, ते हेच. तिनं पायातली चप्पल काढून पुन्हा घातली.

दुपारी आई चुलीपुढं मेथी निवडत बसली होती. संस्कृती तिच्याशेजारी बसली आणि एक जुडी ओढून घेतली.

“मम्मी, पक्कड कुठं असते आपली?”

“खिळ्याला.”

“त्या दिवशी सकाळी होती?”

अश्विनीनं एक पान उलटून बघितलं, त्याला कीड नव्हती, तरी बाजूला टाकलं.

“खुराड्यामागं पडली हुती. मी आनून लावली.”

“आणि बोलली नाहीस?”

“काय बोलू?” आईनं मेथी सुपात लोटली. “त्या मानसाला कंपनीत कुनी नावानं वळखत न्हाई, नंबरानं वळखत्यात. हितं चार लोकं ‘असीलवाले’ म्हनत्यात. ते काढून घिऊ?”

“नानांनी काय केलंय पण?”

“नानांनी बी काय कमी केलंय का?” आई उठली. “तू तर घमेल्यावर चढून बोलत हुतीस. आता मला इचारतीस.”

संस्कृतीला उत्तर होतं. हल्ली तिच्याकडं प्रत्येकाला उत्तर असे. ते तिनं दिलं नाही. मेथीच्या देठांचा ढीग गोळा करून ती बाहेर आली, कोंबड्यांपुढं टाकला, आणि खिळ्यावरची पक्कड काढून शेवग्याकडच्या कोपऱ्यात जाऊन बसली. जाळीच्या उरलेल्या तुकड्यातून एक तार उलगडून काढली. पोत्याचं तोंड शिवतात तसं भोक शिवायला सुरुवात केली. एक टाका आतून, एक बाहेरून. राज्या जाळीपलीकडं येऊन उभा राहिला. ताठ, उतरत्या पाठीचा, डोक्यावर दाण्यांच्या तीन ओळी. ती त्याच्या डोक्याकडं बघत राहिली. बाहेरून काहीच कळत नव्हतं.

“ते कशाला शिवतीस?”

वडील मागं उभे होते. धुतलेला पांढरा शर्ट, बैठकीसाठी घातलेला.

“उघडं कशाला ठेवायचं?”

“लोकं बगायला आली तर?”

“फोटो आहे ना ग्रुपवर.”

पाट्याशेजारी जाळीची पेटी होती. कानिफनाथांनी डालगं उचललं, करवत्याला पंखांत धरलं आणि पेटीकडं निघाले. ढाब्याचा टेम्पो रस्त्यावर वळत होता. त्याचा हॉर्न दोनदा वाजला.

“त्याला काकासाहेबांच्या तोंडावर आपटायचं होतं ना?” संस्कृती म्हणाली.

“फोटो पुरे हाय. हा कशाला दारात? रोज डोळ्यापुढं.”

तिनं पक्कड खाली ठेवली. पुढं होऊन वडिलांच्या हातातून करवत्या काढून घेतला. ओढला नाही, जसा निवडीच्या दिवशी द्यायची तसाच, पायांखाली तळवा घालून, फक्त उलट दिशेनं. कानिफनाथांच्या हातात तांबड्या पिसांचा एक झुबका राहिला.

“खाली ठिव.”

“त्या पिल्लाचा बाप राज्याच आहे, पप्पा.”

“काय?”

“राज्याच. आणि ह्याचाही असेल. उभा तुरा दोन्हीकडून आल्याशिवाय दिसत नाही. नानांचा तांबडा आला असेल नाही तर नसेल, आपल्या कोंबडीत दडलेलं नसतं तर हा असा झाला नसता. आणि तांबडा आला नसेल, तर राज्यातही आहे.”

“तुला कुनी सांगितलं?”

“शाळेत.”

“शाळंत!” ते हसले, आणि ते हसू वाईट होतं. “परीक्षकानं हातात घिऊन बगितलाय राज्या. तुज्या मास्तरनीनं बगितलाय का? मंजी माजा राज्या बाटगा? आं? ह्या घरात ऱ्हाऊन तू मला बाटगा म्हनतीस?”

“राज्याला म्हणतेय. तेही बाटगा नाही म्हणत. त्याच्यात आहे, आणि हाताला लागत नाही, एवढंच म्हणतेय.”

“त्या काकासाहेबानं काय चारलं तुला?”

आवाज ऐकून अश्विनी दारात आली. भिंतीपलीकडं कुणीतरी घसा खाकरला. टेम्पो फाटकाशी येऊन थांबला होता आणि ड्रायव्हर इंजिन बंद न करता आत बघत होता. कानिफनाथांनी हात उगारला. तो तिच्यासाठी होता की कोंबड्यासाठी ते त्यांनाही ठरवता आलं नसावं, कारण हात तसाच वर राहिला. करवत्यानं तिच्या कवेतून मान वर काढली आणि त्या हाताकडं बघत राहिला.

संस्कृती मागं सरली नाही. तिनं कबड्डीत घेतात तसा श्वास घेतला, पोटापर्यंत.

“मी बैठकीला येते,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून हळू निघाला, म्हणून तिनं पुन्हा सुरुवात केली. “मम्मी, तूही ऐक. मी बैठकीला येते. भोक बघितलं का विचारलं, तर बघितलं म्हणेन. त्याच जागी आदल्या संध्याकाळी मी गाठ मारली तेव्हा जाळी धड होती, तेही सांगेन. मला दोन्ही सांगता येतील, नुसतं एक नाही येणार. तुम्हाला ते ऐकायचं नसेल, तर तुम्हीच आधी जाऊन बैठक मोडा. काय सांगून मोडायची ते तुमचं तुम्ही ठरवा, मी शब्द काढणार नाही.”

कानिफनाथांचा हात खाली आला. त्यांनी बायकोकडं बघितलं. अश्विनी पदराला हात पुसत होती. ती पुसत राहिली.

“आणि नगरला यंदा आपण राज्याला न्यायचं नाही. पिल्लं पण द्यायची नाहीत कुणाला. आधी ह्याच्याबरोबर एकेक कोंबडी ठेवायची, आणि कुणाकुणात काय आहे ते बघायचं. वर्ष लागू दे, दोन लागू देत. निवड तुम्हीच करा. धरायला मी आहे.”

ती फाटकाकडं निघाली, करवत्या छातीशी धरून.

“टेम्पोवाल्याला सांगून येते, आज इथून काही न्यायचं नाही.”